आमचा वाहान

त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. आता ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा काय ठाऊक होतं!

कार्डिफच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून मी रुजू झाले त्याच आठवड्यातली गोष्ट. रिसेप्शनवरची कॅरिस मला डिपार्टमेंट फिरवून दाखवत होती. तळमजल्याच्या अगदी टोकाला एक लांबट खोली होती. आत चामड्याचा आणि गोंदाचा वास. कुणाची बोटं गेलेली असतात, कुणाचा पाय वाकलेला, कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. अशा लोकांचे बूट तिथे बनत. एप्रन बांधलेला, चाळिशीकडे झुकलेला एक माणूस खिळे तोंडात धरून काम करत होता. कॅरिस म्हणाली, "हा आमचा शू-मॅन. वाहान."

शेवटच्या अक्षरावर जोर देऊन ती म्हणाली आणि मला स्वच्छ 'वहाण' ऐकू आलं. बूट बनवणाऱ्याचं नाव वहाण! मी फिस्सकन हसले.

त्यानं तोंडातले खिळे काढून डबीत ठेवले. रागावला नाही. विचारलं, "तुझ्या भाषेत माझ्या नावाचा अर्थ वाईट आहे का?"

"वाईट नाही. पायात घालतात ते."

तो गडगडाटी हसला. "आमच्या आर्मेनियन भाषेत वाहान म्हणजे ढाल. पण चालेल. पायाची ढाल!"

तिथून आमची मैत्री झाली. सोळा वर्षं टिकली.

तो माणसाला भेटला की आधी त्याचं नाव विचारायचा, मग नावाचा अर्थ. नुसतं मिस्टर जोन्स त्याला पुरायचं नाही. खाणीत काम केलेले, ऐकायला कमी येणारे वेल्श म्हातारे त्याच्या खुर्चीत बसून, आईनं आपलं नाव कुणावरून ठेवलं ते आठवत बसायचे आणि तोवर त्याचं माप घेऊन झालेलं असायचं. प्लास्टरमध्ये काढलेल्या पायाच्या प्रत्येक ठशावर तो पेन्सिलीनं पेशंटचं पहिलं नाव लिहायचा. नंबर असायचाच, पण शेल्फवरून ठसा काढताना तो "जरा ग्वेनेथला खाली घे" असंच म्हणायचा.

चहा बिनदुधाचा. डब्यात सुकवलेले जर्दाळू. त्याची काही ठरलेली वाक्यं होती. पेशंट कुरकुरला की म्हणायचा, "बूट चावला तर चूक पायाची नसते." आणि कुणी घाई केली की म्हणायचा, "पायानं इतकी वर्षं वाट पाहिली. आणखी आठवडाभर पाहील."

त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर मात्र एक अजब प्रकार होता. जगात वाहान नावाचे जे जे मोठे लोक होऊन गेले, त्यांची चित्रं त्यानं तिथे लावली होती. दीड हजार वर्षांपूर्वीचा एक सेनापती, दाढीवाला एक बिशप, उदास डोळ्यांचा एक कवी, एक डॉक्टर, बॉल पायाखाली घेऊन उभा असलेला एक फुटबॉल खेळाडू. कुठे वर्तमानपत्रात, कुठे लायब्ररीतल्या पुस्तकात नवा वाहान सापडला की तो त्याची फोटोकॉपी आणून टाचणीनं लावायचा आणि त्या दिवशी आम्हा सगळ्यांना त्या वाहानची गोष्ट ऐकावी लागायची. एकदा मी म्हटलं, "यात तुझा फोटो कधी लावणार?"

"मी तसला वाहान नाही," तो म्हणाला आणि मशीन सुरू केलं. मशीनच्या आवाजात पुढचं बोलणंच शक्य नव्हतं.

त्याची खरी हुशारी मी पाहिली ती मालतीकाकूंच्या बाबतीत. काकू आमच्या मराठी मंडळातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. मुलाबरोबर इथे राहत. डायबेटिसनं पायांची जाणीव गेलेली. घरात अनवाणी फिरताना ड्रॉइंग पिन घुसली तरी त्यांना दोन दिवस कळलं नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं, घरातसुद्धा बूट काढायचे नाहीत. काकूंनी तितकंच ठणकावून सांगितलं, "स्वयंपाकघरात आणि देवासमोर मी चामडं घालून जाणार नाही. पाय गेला तरी चालेल." मुलगा रडकुंडीला आला. मी समजावून थकले. शेवटी वाहानला सांगितलं.

त्यानं वाद घातला नाही. काकूंना विचारलं, "देवाला नेमकं काय चालत नाही? चामडं, की बाहेरची घाण, की टाच?" मी मराठीतून काकूंना विचारलं. काकू विचारात पडल्या. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाल्या, "चामडं नको. आणि बाहेरचं आत नको."

तीन आठवड्यांनी त्यानं जाड सुती कापडाचे, आतून फेल्टचे, रबराचा पातळ तळ असलेले बूट आणून दिले. चामड्याचा एक तुकडा नाही, गोंदसुद्धा प्राण्यापासून केलेला नाही. वर म्हणाला, "यांना सांग, हे बूट नाहीत. तळ असलेलं बँडेज आहे. घराबाहेर कधीच जाणार नाही." काकूंनी ते हातात घेऊन उलटेसुलटे करून पाहिले, वास घेतला आणि पायात घातले. पुढे मंडळात त्या सगळ्यांना पाय पुढे करून दाखवायच्या. "ही बघा, वाहानची वहाण!"

त्याच्या स्वतःच्या घरचं मात्र कुणालाच काही ठाऊक नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. सोव्हिएत संघ मोडला त्या सुमारास तो इंग्लंडात बूट बनवायचा कोर्स करायला आला, एवढंच तो सांगे. वडील तिकडे मोची होते. आई? "वारली." भाऊ-बहीण? त्यावर तो जर्दाळू पुढे करायचा.

दोन गोष्टी तेव्हा विचित्र वाटल्या होत्या, पण आम्ही त्या सोडून दिल्या. एक म्हणजे त्याचा पन्नासावा वाढदिवस. कॅरिसनं गुपचूप केक आणला, सगळ्यांनी गाणं म्हटलं. मेणबत्त्या लावल्यावर हा पांढराफटक पडून खोलीबाहेर निघून गेला. म्हणे धुराचा त्रास होतो. शेवटी त्या मेणबत्त्या कॅरिसनंच फुंकल्या.

दुसरी गोष्ट माझ्या मैथिलीची. तिला शाळेत प्रोजेक्ट होतं, आपल्या ओळखीच्या कुणाचं तरी नाव घ्यायचं आणि ते कसं पडलं ते लिहायचं. ती वाहानला भेटून आली आणि घरी येऊन तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, वाहान अंकलचा नाव किती लेट मिळाला माहितीये? ही वॉज ट्वेन्टी-वन!"

"अगं, त्याचं इंग्लिश जरा वेगळं आहे. काहीतरी दुसरं म्हणायचं असेल त्याला," मी म्हटलं.

इतकी वर्षं माझ्याशी उत्तम इंग्लिश बोलणाऱ्या माणसाबद्दल मी असं म्हणाले. आपल्याला जे ऐकायचं नसतं ते आपण किती सहज बाजूला सारतो!

आणि मग गेल्या मार्चमधला तो मंगळवार आला.

सकाळी मी पोहोचले तेव्हा कॅरिस स्क्रीनसमोर हसत बसली होती. "अंजली, ये बघ. कम्प्युटर वेडा झालाय. वाहाननं स्वतःलाच पेशंट करून घेतलंय."

नव्या पेशंटांच्या यादीत खरंच त्याचं नाव होतं. तेच नाव, तेच आडनाव, तीच जन्मतारीख. पत्ता फक्त शेजारच्या न्यूपोर्टचा. "डुप्लिकेट दिसतंय. दोन्ही रेकॉर्ड एक करून टाकते," कॅरिस म्हणाली.

तेवढ्यात चहाचा मग घेऊन वाहान आला. कॅरिसनं स्क्रीन त्याच्याकडे फिरवला. "हा कोण रे? तुझा जुळा?"

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. हातातला चहाचा मग काउंटरवर ठेवायला गेला, तो निसटून खाली पडला आणि फुटला. त्यानं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "एक करू नकोस. दोन माणसं आहेत." आणि वर्कशॉपकडे चालू लागला.

मला वाटलं, एवढं काय त्यात? एका नावाची दोन माणसं असू शकतात की. पण जन्मतारीख?

अकरा वाजता ते आले. काठी टेकत चालणारा, अंगानं वाळलेला एक माणूस आणि त्याची तिशीतली मुलगी. तिनं आपलं नाव अनाहित सांगितलं. ती न्यूपोर्टला नर्सची नोकरी करते, वडील नुकतेच तिच्याकडे कायमचे राहायला आलेत. मी त्यांची चाल तपासायची आणि वाहाननं माप घ्यायचं, असं ठरलेलं होतं. मी त्यांना घेऊन वर्कशॉपमध्ये गेले.

वाहान टेबलामागे उभा होता. एप्रन बांधलेला. पेशंटनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि दहा-बारा शब्दांचं एकच वाक्य त्यांच्या भाषेत म्हटलं. अनाहितनं तोंडावर हात ठेवला. वाहाननं एकच शब्द उच्चारला, "अखपेर." त्याचा अर्थ भाऊ, हे मला नंतर कळलं.

तो माणूस मग माझ्याकडे वळला आणि तोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला, "मी वाहान. हा लेवोन. माझा धाकटा भाऊ."

मला काहीच सुधरेना. मी जे विचारलं ते आठवलं की अजूनही ओशाळायला होतं. मी विचारलं, "मग आमचा वाहान कुठे आहे?"

आमचा वाहान माझ्यासमोरच उभा होता आणि खाली मान घालून रडत होता.

त्यानंतर जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी. काही अनाहितनं तिथेच भाषांतर करून सांगितलं, काही लेवोननं त्या दुपारी चहाच्या खोलीत. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा त्यांच्याकडे लढाई सुरू होती, वीज नव्हती, थंडी होती. थोरल्या वाहानला इंग्लंडात कोर्सला जागा मिळाली होती. पासपोर्ट, व्हिसा, विमानाचं तिकीट, सगळं त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात. धाकटा लेवोन एकवीस वर्षांचा. त्याच आठवड्यात त्याला सैन्यात हजर होण्याचा हुकूम आला. दोघं भाऊ दिसायला सारखे. एके पहाटे लेवोन भावाचा कोट घालून घराबाहेर पडला आणि परत गेलाच नाही. एक ओळ लिहिली नाही, एक फोन केला नाही.

लेवोनला न्यायला शिपाई आले. तो सापडला नाही. त्यांना त्या घरातून एक मुलगा हवा होता. ते थोरल्याला घेऊन गेले.

यातलं लेवोनला काहीही ठाऊक नव्हतं. त्या मंगळवारी थोरला वाहान खुर्चीत बसला, त्यानं डाव्या पायाची पँट वर केली आणि खाली धातूची नळी दिसली. लेवोनच्या घशातून असा आवाज निघाला की शेजारच्या खोलीतून कॅरिस धावत आली.

"कधी?" त्यानं विचारलं.

अनाहितनं वडिलांचं उत्तर इंग्लिशमध्ये सांगितलं. "तुम्ही गेल्यावर तिसऱ्या महिन्यात. सुरुंगावर पाय पडला."

घरच्यांनी लेवोन मेला असंच धरलं होतं. आई तसंच समजून गेली. आणि आता तीसेक वर्षांनी मुलीबरोबर डॉक्टरकडे नाव नोंदवायला गेल्यावर तिथल्या बाईनं वाहानला सांगितलं, "तुमचं नाव आधीच आहे की इथे." तेव्हाच त्याच्या लक्षात आलं, कोण जिवंत आहे ते. पुढे बुटांच्या क्लिनिकमध्ये त्याच नावाचा कारागीर आहे हेही कुणी तरी सहज बोलून गेलं. उजव्या पायावर इतकी वर्षं सगळा भार पडून तोही वाकला होता. बूट हवे होतेच.

लेवोन काहीतरी बोलू लागला. थोरल्यानं काठी आपटली.

"आधी माप घे," अनाहितनं भाषांतर केलं. तिचा आवाज संतापानं थरथरत होता. "बाकीचं नंतर."

लेवोन गुडघ्यांवर बसला. भावाचा उरलेला पाय मांडीवर घेतला. त्या दिवशी त्याला टेप धरता येईना. तीनदा माप चुकलं. मी टेप धरला, त्यानं आकडे लिहिले. ठशावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा पेन्सिल घेऊन तो नुसताच बसून राहिला. शेवटी वाहाननंच त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि आपलं नाव लिहिलं.

मग त्याची नजर भिंतीवर गेली. सेनापती, बिशप, कवी, फुटबॉल खेळाडू. त्यानं सगळी चित्रं एकेक करून पाहिली आणि काहीतरी विचारलं. लेवोननं मान हलवली. अनाहितनं हे भाषांतर केलं नाही. मी नंतर लेवोनला विचारलं.

तो म्हणाला, "त्यानं विचारलं, यांच्यात मी कुठे आहे? मी म्हटलं, तुझा फोटो लावायची माझी हिंमत झाली नाही."

"पण तू हे सगळं लावलंसच कशाला?"

"रोज कुणी ना कुणी मला वाहान म्हणून हाक मारायचं, अंजली. प्रत्येक वेळी मला त्याचं तोंड दिसायचं. वाटलं, दुसरे वाहान समोर असले तर तो थोडा मागे जाईल." मग म्हणाला, "नाही गेला."

मला त्याचा राग यायला हवा होता. आलाही. सख्ख्या भावाचं नाव, शिक्षण, पाय, सगळं नेलं या माणसानं. आणि हाच माणूस मालतीकाकूंच्या पायापुढे बसून, देवाला काय चालत नाही, असं विचारत होता. ही दोन माणसं मला अजूनही एका जागी बसवता येत नाहीत.

त्याच संध्याकाळी तो मॅनेजरकडे जायला निघाला. मी म्हटलं, "तुझा भाऊ कुठे तक्रार करतोय? वकिलाला तरी विचार."

"भावाला मी सांगितलं, नाव परत देतो. तो म्हणाला, परत देणारा तू कोण? ते माझंच आहे." एप्रन काढून त्यानं घडी घातली. "खरं आहे. मला फक्त माझं सांगायचंय."

तो गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशीपासून त्याला हॉस्पिटलात यायला बंदी झाली. पुढे पोलीस झाले, कोर्ट झालं. वाहाननं त्याच्या बाजूनं पत्र लिहावं म्हणून वकील न्यूपोर्टला गेला होता. वाहान म्हणाला, "खोटं मी लिहिणार नाही. आणि खरं लिहिलं तर तो आत जाईल." त्यानं काहीच लिहिलं नाही. मालतीकाकूंनी मात्र लिहिलं, मराठीत, दोन पानं, आणि मी भाषांतर केलं. काकू मला म्हणाल्या, "नाव खोटं होतं गं, पण बूट खोटे होते का?" उलट कॅरिस अजूनही त्याचा विषय काढला की उठून जाते. "मी त्याच्यासाठी मेणबत्त्या फुंकल्या," एवढंच म्हणते.

तो दोषी ठरला, पण तुरुंग टळला. नागरिकत्वाचं काय होणार, त्याला इथे राहू देणार की परत धाडणार, हे अजून ठरायचंय. मध्ये एकदा त्यानं फोन केला. "कोण?" मी विचारलं, तर पलीकडून काही क्षण नुसता श्वास ऐकू येत राहिला. मग म्हणाला, "लेवोन."

पण मी त्याला शेवटचं पाहिलं ते कोर्टाच्या आधी, मे महिन्यात. वाहानचे बूट तयार झाले होते. लेवोननं घेतलेल्या मापावरून दुसऱ्या कारागिरानं ते शिवले होते. मी वाहानला जिममध्ये चालवून पाहिलं, खाली सोडलं आणि वर येऊन सहज खिडकीतून बघितलं. हॉस्पिटलच्या गेटबाहेर बसस्टॉप आहे. तिथल्या बाकावर लेवोन बसला होता. त्याला आत यायची परवानगी नव्हती, तो आतही आला नव्हता.

वाहान गेटबाहेर पडला, त्यानं भावाला पाहिलं आणि सरळ त्याच्याकडे गेला. लेवोन उठून उभा राहिला. वाहाननं काठी उचलली आणि जोरात त्याच्या खांद्यावर घातली. माझ्या तोंडून किंकाळी फुटली. स्टॉपवरची माणसं बाजूला झाली. त्यानं पुन्हा मारलं. पुन्हा. लेवोननं हात वर केला नाही, तोंड फिरवलं नाही.

तिसऱ्या फटक्याला वाहानचा तोल गेला. काठी हवेत होती आणि नव्या बुटांची अजून सवय नव्हती. लेवोननं चटकन पुढे होऊन त्याचा दुसरा दंड घट्ट धरला आणि तो नीट उभा राहीपर्यंत सोडला नाही. वाहाननं चौथ्यांदा काठी उगारली तेव्हाही त्यानं तो दंड तसाच धरून ठेवला होता.